आजी बेपत्ता झाल्याचा मेसेज ग्रुपवर येतो तेव्हा: तर्क बाजूला ठेवून माहिती कशी पोचवावी

संध्याकाळी सातला सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येतो: देवळात गेलेल्या आजी अजून परतल्या नाहीत. आठपर्यंत ग्रुपवर ‘एक पांढरी ओम्नी’ अवतरलेली असते. नऊला ‘सुनेशी पटत नव्हतं म्हणे’, आणि दहाला कुणीतरी वॉचमनचा फोटो टाकून खाली ‘याला विचारा’ असं लिहिलेलं असतं. या तीन तासांत देवळासमोरच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात काय दिसतं, हे विचारायला मात्र कुणीच गेलेलं नसतं.

अपहरणाचा संशय असेल तेव्हा काळजीने केलेली तर्कबाजीसुद्धा शोधाच्या आड येते. पोलिसांचे तास खोट्या मागांवर जातात, घरच्यांचा फोन नको त्या कॉल्सनी अडकतो आणि आजी खरंच कुणाच्या ताब्यात असल्या तर त्या माणसाला शोध कुठवर आलाय ते घरबसल्या कळतं. घरचे, ग्रुपचे ॲडमिन आणि ‘मला काहीतरी दिसलं होतं’ असं वाटणारी माणसं, या तिघांनी पहिल्या दोन दिवसांत काय करावं ते पुढे दिलं आहे.

आधी ठाणं, मग ग्रुप

‘चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत’ हे खोटं आहे. कायद्यात अशी अट कुठेच नाही. ११२ ला फोन करा आणि एकाने लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात जा. हद्द दुसऱ्या ठाण्याची असली तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती तिथे घ्यावीच लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही सोय आहे आणि बोलीभाषेत तिला झिरो एफआयआर म्हणतात. ठाण्यात दाद मिळाली नाही, तर त्याच कलमानुसार पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवता येते.

प्रौढ व्यक्ती हरवली तर ठाणे अंमलदार बहुधा आधी ‘मिसिंग’ दाखल करतात, गुन्हा नाही. अपहरणाचा संशय असेल तर तो नुसता बोलून दाखवू नका, त्यामागची वस्तुस्थिती सांगा. ‘आईला कुणीतरी पळवलं’ यापेक्षा ‘काठी दाराशी पडली आहे, चष्मा उशाशी आहे, गॅसवर दूध उतू गेलंय, कडी बाहेरून लावलेली होती’ हे तपासाच्या कामाचं. मिसिंगचा नोंद क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचं नाव लिहून घ्या. सोबत न्यायच्या गोष्टी: गेल्या वर्षभरातला चेहऱ्याचा आणि पूर्ण उंचीचा असे दोन फोटो, औषधांची चिठ्ठी, अंगावरच्या दागिन्यांची यादी, मोबाइल नंबर आणि फोनच्या खोक्यावरचा आयएमईआय (त्या फोनचा ओळख क्रमांक).

आजी घरातूनच गेल्या असतील तर त्यांची खोली आवरू नका. सांत्वनाला आलेल्या शेजाऱ्यांना पुढच्या खोलीतच बसवा. तीसजणांचे हात कडी-कोयंड्याला लागले की ठशांचा उपयोग संपला.

ठाण्यात एकजण बसलेला असताना बाकीच्यांनी जवळचा परिसर पायी पिंजून काढावा. विस्मरणाचा आजार असलेली वृद्ध माणसं जुन्या ओढीने निघतात: आधीचं घर, माहेरचा रस्ता, नोकरीची जागा, रोजचं देऊळ, एसटी स्टँड. वाट अडेपर्यंत सरळ चालतात आणि अडली की तिथेच बसून राहतात. हाक मारली तरी ओ देतीलच असं नाही. म्हणून जिने, गच्ची, पार्किंगचा कोपरा, नाल्याचा काठ, बांधकामाची जागा, झुडपं स्वतः जाऊन बघा. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात ‘अनोळखी रुग्ण’ म्हणून कुणी दाखल आहे का तेही विचारा. पडलेल्या आजीला रिक्षावाल्याने दवाखान्यात नेलं आणि लांबून बघणाऱ्याने त्यालाच अपहरण म्हटलं, असं सहज होऊ शकतं.

मेसेज लिहिताना

‘जास्तीत जास्त शेअर करा’ एवढंच लिहिलेले, तारीख नसलेले मेसेज माणूस घरी परतल्यावरही वर्षानुवर्षं फिरत राहतात. मेसेज असा असावा:

‘बेपत्ता. वय ७४, उंची सुमारे पाच फूट, सावळ्या. घरी माई म्हणतात, माहेरचं नाव घेतल्यावर लगेच वळून बघतात. हिरवी सहावारी, तपकिरी स्वेटर, पायात चप्पल नाही. डावा पाय ओढत चालतात, ऐकू कमी येतं. १२ तारखेला संध्याकाळी ५:१० ला मारुती मंदिराच्या मागच्या दारातून बाहेर पडताना शेवटचं पाहिलं. दिसल्यास ११२, किंवा अमुक ठाणं, मिसिंग नंबर अमुक. मेसेज १२ तारखेला रात्री ८ वाजता लिहिला.’

हाक मारायचं नाव फार मोलाचं. स्मृती क्षीण झालेल्या बाईला सासरचं नाव आठवत नाही, पण लहानपणचं ‘आक्का’ कानावर पडलं की ती थांबते.

काही गोष्टी मुद्दाम लिहायच्या नाहीत. घराचा पत्ता नको. आधार कार्डाचा फोटो तर मुळीच नको. घाईत तोच पाठवला जातो आणि मग कायमचा फिरत राहतो. मुलगा परदेशात असतो, घरी सून एकटीच आहे, हेही नको. आणि एक ओळखखूण राखून ठेवा: पाठीवरचा डाग, चष्म्याच्या दोरीचा रंग, कनवटीला बांधलेली पुडी, असं काहीही. ती फक्त घरच्यांना आणि तपास अधिकाऱ्याला माहीत असावी. पुढे ‘आजी आमच्याकडे आहेत’ असा फोन आला की खरं-खोटं पारखायला तीच उपयोगी पडते. उत्साही भाच्याने ती ग्रुपवर लिहून टाकली, तर ती गेलीच.

संपर्काला घरचा नेहमीचा नंबर देऊ नका. आजींना तोच पाठ असेल, तर त्या तोच लावतील. तो मोकळा राहिला पाहिजे. वेगळं सिम घ्या, फोन घेण्याचं काम एकाच माणसाकडे द्या, कॉल रेकॉर्डिंग चालू ठेवा.

पाहिलं, ऐकलं, वाटलं

ग्रुपवर येणारं प्रत्येक वाक्य या तीनपैकी एका खान्यात बसतं. ॲडमिनने पहिल्याच तासात नियम घालावा: पाहिलं असेल ते लिहा. ऐकलं असेल तर ज्याने पाहिलं त्यालाच बोलायला लावा. वाटलं असेल ते मनात ठेवा, आणि फारच टोचत असेल तर ठाण्यात जाऊन सांगा.

‘स्टँडवर दिसल्या म्हणे’ हे ऐकलेलं. त्यावर काहीच करता येत नाही. ‘आज ५:३५ ला एसटी स्टँडच्या मागच्या गेटजवळ रसवंतीसमोर एक आजी एकट्या उभ्या होत्या. हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी. स्टेशन रोडच्या बाजूला चालत गेल्या. मी स्वतः पाहिलं, ५:५० ला ११२ वर कळवलं’ हे पाहिलेलं. यात वेळ, जागा, दिशा आणि साक्षीदार चारही आहेत. कुणी अर्धवट लिहिलं तर हेटाळणी न करता फोन करा: ‘काकू, तुम्ही स्वतः पाहिलंत की कुणी सांगितलं? पुलाच्या अलीकडे की पलीकडे? पिशवी कुठल्या हातात होती?’ आपणच उत्तर सुचवू नका. ‘साडी हिरवी होती ना?’ असं विचारलं की समोरच्याच्या आठवणीतली साडीसुद्धा हिरवी होते.

एका वहीत रकाने आखा: दिसल्याची वेळ, जागा, दिशा, पाहणाऱ्याचा नंबर, पोलिसांना कधी कळवलं. पोलिसांना ग्रुपच्या चारशे मेसेजांपेक्षा वहीचं ते एक पान हवं असतं.

कॅमेऱ्याचं फुटेज

बहुतेक तर्कांचा उगम इथेच असतो, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली गोष्ट घाईची. डीव्हीआरची (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या यंत्राची) डिस्क भरली की जुनं आपोआप पुसलं जातं. चार कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएस (सेकंदाला चार मेगाबिट) दराने अखंड रेकॉर्ड करत असतील तर एका कॅमेऱ्याचे दिवसाला सुमारे ४३ जीबी होतात, चारांचे १७३. म्हणजे १ टीबीची डिस्क सहाव्या दिवशी स्वतःलाच खायला लागते. दर २ एमबीपीएस असेल तर अकरा-बारा दिवस मिळतात. दुकानदाराला ‘जपून ठेवा’ सांगून परत येऊ नका. त्याच वेळी पेनड्राइव्हवर प्रत घ्या, किंवा तपास अधिकाऱ्याला सांगून ती घ्यायची व्यवस्था करा. बऱ्याच डीव्हीआरला पेनड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटचा लागतो. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, म्हणून अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे काढा. हव्या त्या वेळेच्या आधीचा आणि नंतरचा एकेक तासही घ्या.

दुसरी गोष्ट घड्याळाची. डीव्हीआरची घड्याळं सर्रास चुकीची असतात. चालू चित्र पडद्यावर असताना त्याशेजारी आपला मोबाइल धरून दोन्ही वेळा एकाच फोटोत घ्या. समजा डीव्हीआर ७:०२ दाखवतोय आणि मोबाइल ६:४५. घड्याळ १७ मिनिटं पुढे आहे. मग फुटेजवर ५:४८ ला दिसलेल्या आजी प्रत्यक्षात ५:३१ ला तिथून गेल्या. हा फरक न काढल्यामुळे ‘दोन कॅमेऱ्यांत एकाच वेळी कशा दिसतील, नक्की फुटेजमध्ये गडबड केलीय’ असे शोध लागतात. तारखेचा क्रमही बघा: ०८-०९ म्हणजे आठ सप्टेंबर की नऊ ऑगस्ट हे यंत्रागणिक बदलतं.

तिसरी गोष्ट रात्रीच्या रंगांची. अंधार पडला की कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो आणि चित्र कृष्णधवल होतं. त्या प्रकाशात गडद रंगाचं कृत्रिम धाग्याचं कापड फिकट, अगदी पांढरटसुद्धा दिसू शकतं. हिरवी साडी नेसून निघालेल्या आजी फुटेजमध्ये पांढऱ्या साडीत दिसल्या म्हणून ‘या त्या नव्हेतच’ किंवा ‘कुणीतरी कपडे बदलायला लावले’ असं म्हणू नका. रात्रीच्या चित्रावरून कापडाचा किंवा गाडीचा रंग सांगूच नये. ‘पांढरी ओम्नी’ बऱ्याचदा अशीच जन्माला येते.

गाडीच्या नंबरचंही तेच. पाटी प्रकाश परावर्तित करते, त्यामुळे रात्री तिथे नुसता पांढरा ठिपका उमटतो. त्यातून वाचलेला ३ की ८, शून्य की डी, एमएच १२ की एमएच १४ यावर पैजा लावून ॲपवर मालकाचं नाव शोधणं आणि ते ग्रुपवर टाकणं हा अन्याय आहे. एक आकडा चुकला की पिंपरीतल्या एखाद्या निरपराध माणसाच्या दारात रात्री जमाव उभा राहतो. वाचता आलेले आकडे आणि न वाचता आलेल्या जागा रिकाम्या ठेवून नंबर पोलिसांना द्या. मालक ते शोधतील.

हालचाल झाली तरच रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्यात माणूस मध्येच ‘गायब’ होतो. कोपऱ्यातल्या रुंद भिंगात उंची आणि चाल दोन्ही बदलतात. आणि धूसर चेहरा एआयने ‘स्वच्छ’ करू नका. असं ॲप चेहरा शोधून काढत नाही, नवा तयार करतं. त्यातलं नाक-डोळे मूळ चित्रात नसतातच, पण बघणाऱ्याला मात्र तो चेहरा कुणासारखा तरी वाटतो.

पुरावा म्हणून फुटेज द्यायचं तर डीव्हीआरमधून निघालेली मूळ फाइल द्या, तिचं रूपांतर करू नका. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते. अगदीच पाठवावी लागली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश संख्याही (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) येते. ते पोलीस करून घेतात. दुकानदाराने प्रत कधी, कुणी, कोणत्या यंत्रावरून काढली हे कागदावर लिहून सही करून ठेवावं.

फोनवरून काढलेल्या तर्कांबद्दल थोडक्यात. एकच टिक म्हणजे मेसेज पोचला नाही, एवढंच. बॅटरी संपली, डेटा बंद झाला, फोन पडला, काहीही असेल. ‘शेवटचं लोकेशन अमुक टॉवर’ म्हणजे शहरात काहीशे मीटर आणि गावाकडे काही किलोमीटरचा परिसर, एखादं घर नव्हे. आजींच्या खात्यात शिरायला दहाजणांनी दहा पासवर्ड घालून बघू नयेत. खातं लॉक झालं की फोन शोधायची सोयही हातची जाते.

माणसावर संशय येतो तेव्हा

पहिला संशय नेहमी गरिबावर किंवा परक्यावर जातो: वॉचमन, घरकामाच्या मावशी, भंगारवाला, बहुरूपी. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात भटक्या समाजातली पाच माणसं जमावाने ठेचून मारली. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवा तेव्हा मोबाइलवर फिरत होत्या. ती भिक्षा मागायला आलेली माणसं होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. कुणाचा फोटो ‘संशयित’ म्हणून टाकण्याआधी राईनपाडा आठवावा, अशी हात जोडून विनंती आहे.

दुसरा संशय घरच्यांवर येतो. ‘मुलगा टीव्हीवर रडला नाही’, ‘सून लिपस्टिक लावून ठाण्यात गेली’. दुःखाचा एक ठरलेला चेहरा नसतो. चार दिवस न झोपलेला माणूस दगडासारखा दिसतो. इंग्लंडमध्ये लँकेशायरला २७ जानेवारी २०२३ ला नदीकाठी कुत्र्याला फिरवायला गेलेली एक बाई नाहीशी झाली. हौशी शोधक मोबाइल घेऊन गावात उतरले, लोकांच्या आवारात शिरले, जोडीदारावर संशय घेऊ लागले. गर्दी हटवायला पोलिसांना आदेश काढावे लागले. १९ फेब्रुवारीला ती जवळच नदीत मृतावस्थेत सापडली आणि चौकशीत अपघाताने बुडून मृत्यू असा निष्कर्ष निघाला. जोडीदाराने आणि मुलींनी ते सगळे आठवडे लोकांच्या नजरा झेलत काढले.

बोस्टनचं उदाहरण आणखी जवळचं. एप्रिल २०१३ मधल्या मॅरेथॉन स्फोटानंतर रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या हौशी लोकांनी महिनाभर आधी बेपत्ता झालेल्या भारतीय वंशाच्या एका विद्यार्थ्याला बॉम्ब ठेवणारा ठरवलं. घरच्यांनी त्याच्या शोधासाठी केलेलं फेसबुक पान शिव्यांमुळे बंद करावं लागलं. त्याचा मृतदेह २३ एप्रिलला नदीत सापडला. त्याचा स्फोटाशी काडीचाही संबंध नव्हता.

घरातल्या कुणाबद्दल तुम्हाला खरोखर काही ठाऊक असेल, म्हणजे मारहाण पाहिलीत किंवा सह्यांसाठी जबरदस्ती होताना ऐकलंत, तर ते दडवू नका. तपास अधिकाऱ्याला समक्ष भेटून सांगा. ग्रुपवर मात्र अक्षरही नको, कारण खरा दोषी तिथेच असेल तर तो सावध होतो.

याची एक उलट बाजूही आहे. आजी छळाला कंटाळून स्वतःहून निघालेल्या असू शकतात. म्हणून त्या दिसल्या तर मेसेजमधल्या खासगी नंबरऐवजी ११२ ला कळवा. प्रौढ व्यक्तीला परत जायचं नसेल तर पोलीस घरच्यांना ‘सुखरूप आहेत’ एवढंच सांगू शकतात. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे.

आजी समोर सापडल्याच तर घोळका करू नका, व्हिडिओ काढू नका. समोरून जा, थोडं वाकून, ‘आजी, पाणी घेता का?’ म्हणून बोलायला लागा. सावलीत बसवा आणि पोलीस येईपर्यंत जवळ थांबा.

खंडणीचा फोन आला तर

जाहिरातीवरचा नंबर बघून पैसे उकळणारे भामटेही फोन करतात. घाबरून रक्कम पाठवू नका आणि दरडावूही नका. बोलणं लांबवा, आजींना फोनवर बोलवायला सांगा. आवाजाची हुबेहूब नक्कल आता यंत्राने होते, म्हणून फक्त त्यांनाच माहीत असेल असा प्रश्न विचारा: ‘तुमच्या माहेरच्या गाईचं नाव काय?’ राखून ठेवलेली खूण विचारा, सांगू नका. पार्श्वभूमीचे आवाज, बोलण्याची ढब, नेमके शब्द लगेच लिहून काढा आणि तपास अधिकाऱ्याला कळवा. पैसे ऑनलाइन गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० ही ऑनलाइन फसवणुकीची हेल्पलाइन लावा. फोन आल्याची बातमी मात्र ग्रुपवर, नातेवाइकांतसुद्धा, टाकायची नाही. बक्षीस जाहीर करायचं असेल तर आधी पोलिसांशी बोला, नाहीतर खोट्या फोनांचा पूर येतो.

ॲडमिनसाठी

सेटिंगमध्ये जाऊन काही काळ फक्त ॲडमिनच लिहू शकतील असं करा. दर तीन तासांनी एकच अपडेट टाका, ‘नवीन काही नाही’ असेल तर तेही. ती पोकळी राहिली की तर्क शिरतात. आरोपाचा मेसेज दिसला की ॲडमिनला तो सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. त्याआधी स्क्रीनशॉट काढा, त्यात एखादा धागा असेल तर पोलिसांना लागेल. सदस्याच्या आक्षेपार्ह मेसेजबद्दल नुसत्या ॲडमिनपदामुळे दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. लिहिणारा मात्र सुटत नाही: भारतीय न्याय संहितेत बदनामीला कलम ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. लोकांत भीती किंवा वैर पसरवणाऱ्या खोट्या अफवांना कलम ३५३, तीन वर्षांपर्यंत.

आजी सापडल्या, कशाही अवस्थेत सापडल्या, तरी त्याच दिवशी शोध बंद झाल्याचं जाहीर करा. स्वतः टाकलेला मेसेज साधारण अडीच दिवसांच्या आत सगळ्यांसाठी काढता येतो. मुदत टळली असेल तर त्याच फोटोवर मोठ्या अक्षरांत ‘शोध थांबला’ आणि तारीख लिहून, जिथे जिथे पहिला गेला होता तिथे तिथे पाठवा. कुठे, कशा, कुणामुळे हे तपशील घरच्यांच्या परवानगीशिवाय लिहू नका. ज्याचं नाव चुकून घेतलं गेलं, त्याची माफी त्याच ग्रुपवर, नाव घेऊन मागा. वहीची प्रत पोलिसांना द्या. आजी अजून सापडल्या नसतील तर ते वेगळं सिम रिचार्ज करत राहा. ज्याने खरंच काही पाहिलं त्याला कधीकधी आठवायला महिना लागतो.